नामीच्या घरातला सातू

आदरणीय पाळकसाहेब आणि मंडळीतल्या बंधुभगिनींनो,

कुटुंबावर बोलायचं म्हटलं की आपण अब्राहाम काढतो, नाहीतर योसेफ. मी आज बायबलमधली रूथ घेतली आहे. तिच्या गोष्टीत देवदूत येत नाही, कुणाला स्वप्न पडत नाही, समुद्र दुभंगत नाही. चार अध्याय, ८५ वचनं. त्यात एक दुष्काळ, तीन मृत्यू, थोडी जमीन आणि एक सासू-सून. कुणाच्याही घरात असतं तेवढंच.

‘तुम्ही जाल तिथे मी येईन, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव.’ हे वचन आपल्याकडे लग्नात वाचतात. रूथ ते सासूला, नामीला म्हणाली होती, तेही नवरा गेल्यावर, आपला मवाब देश सोडून सासूच्या यहूदाकडे निघालेल्या वाटेवर. नामीने दोन्ही सुनांना परत जायला सांगितलं होतं. आता मला देण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं.

दुसरी सून अर्पा रडली, सासूचा मुका घेतला आणि माहेरी गेली. प्रवचनांतून तिला उगाच झोडपलं जातं. नामीने तिलाही आशीर्वाद देऊनच निरोप दिला होता आणि शास्त्रात तिच्याविरुद्ध चकार शब्द नाही. माहेरी परतलेल्या विधवेला नावं ठेवायची खोड आपली आहे.

नामी आणि रूथ नामीच्या गावी, बेथलेहेमात आल्या तेव्हा गाव गोळा झालं. बाया म्हणाल्या, ‘ही नामीच का?’ दहा वर्षांपूर्वी दुष्काळात नवरा आणि दोन मुलगे घेऊन मवाबात गेलेली, आणि तिघांनाही तिथेच गमावलेली बाई. नामी काय म्हणाली? मला नामी (म्हणजे मनोरमा) म्हणू नका, ‘मारा’ (म्हणजे कडू) म्हणा; मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. हे ती म्हणते तेव्हा रूथ शेजारीच उभी आहे. जिच्यासाठी आपला देश, आपली माणसं सोडली, ती चारचौघांत म्हणते की माझ्याजवळ काही नाही. ‘मग मी कोण?’ असं रूथने विचारल्याचं लिहिलेलं नाही. पुढचं वाक्य एवढंच की सातूच्या कापणीचे दिवस नुकतेच सुरू झाले होते.

इथे मी थोडा थांबतो. घरात कुणी गेलं की म्हातारी माणसं देवालाच बोल लावतात, आणि आपण लगेच त्यांना दुरुस्त करायला बसतो: असं बोलू नये आई, उपकार आठवा. नामी भर रस्त्यात देवाविरुद्ध गाऱ्हाणं घालते. कुणी तिला गप्प करत नाही. देवही नाही. आणि रूथ वाद न घालता कामाला लागते.

काम म्हणजे सरवा वेचणं. शेताच्या कडेपर्यंत कापायचं नाही, पडलेली कणसं मागे वळून उचलायची नाहीत, ती गरिबाची, परक्याची, विधवेची, असं नियमशास्त्र होतं. रूथ तर तिन्ही होती. आपल्याकडे भुईमूग काढून झाल्यावर उरलेल्या शेंगा वेचत फिरलेल्या बायांना विचारा, संध्याकाळी कंबर काय म्हणते. शेत बवाजचं होतं, तो नामीच्या नवऱ्याचा नातलग. त्याने मजुरांना बजावलं की हिच्या अंगाला हात लावायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेलं पाणी पी, असं तिला सांगितलं. मग हळूच गड्यांना म्हणाला, पेंढ्यांतल्या चार काड्या मुद्दाम टाकत जा. तिला कळू न देता. मदत करायची ही रीत मला फार आवडते. घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

दुपारी त्याने तिला भाजलेले दाणे दिले. ती पोटभर जेवली आणि काही उरलं. संध्याकाळी तिने वेचलेलं झोडलं तर एफाभर सातू निघाला, म्हणजे सुमारे २० लिटरचं माप. तो घेऊन ती गावात आली, सासूला दाखवला आणि मग दुपारचं उरलेलं अन्न काढून तिच्यापुढे ठेवलं. दिवसभर उन्हात वाकलेल्या बाईने जेवताना घरच्या माणसाचा घास बाजूला ठेवला होता.

आणि नामीने विचारलं, ‘आज कुठे वेचलंस गं?’ त्यानंतर ती बवाजला आशीर्वाद देते. म्हणते, परमेश्वराने जिवंतांवरची आणि मेलेल्यांवरची दया सोडलेली नाही. त्याच परमेश्वराला तिने वेशीत बोल लावला होता. मधल्या काळात तिला कुणी बोध केला नव्हता. घरात सातू आला होता. त्यानंतर तिला सुनेची काळजी वाटू लागली: दुसऱ्याच्या शेतात जाऊ नकोस, तिथे कुणी त्रास देईल. पुढे तर, तुझं घर बसवायला नको का, असं तीच म्हणते.

खळ्यावरच्या रात्रीबद्दल तरुण मंडळी नेहमी विचारतात: नामीने रूथला रात्री खळ्यावर झोपलेल्या बवाजच्या पायाशी जाऊन निजायला सांगितलं होतं. नामीची युक्ती धाडसाची होती आणि आज कुठल्या सासूने ती करू नये. बवाजने मात्र रूथच्या अब्रूला जपलं, सहा मापं सातू तिच्या पांघरुणात ओतला आणि म्हणाला, सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. सकाळी तो थेट वेशीत जाऊन बसला.

तिथे त्याच्याहून जवळचा एक नातलग भेटतो. नामीच्या नवऱ्याची जमीन सोडवून घ्यायचा पहिला हक्क त्याचा, आणि ती घ्यायला तो तयार असतो. जमिनीबरोबर मवाबी रूथही येते म्हटल्यावर, माझं वतन बिघडेल म्हणतो आणि हक्क सोडल्याची खूण म्हणून पायतण काढून देतो. सातबाऱ्यावर नाव लावायला पुढे आणि म्हातारीला दवाखान्यात न्यायला मागे, अशी माणसं आपल्याही भाऊबंदकीत असतात. पुस्तकात त्याचं नाव नाही.

मग बवाज आणि रूथचं लग्न झालं, ओबेद जन्मला. ओबेदाचा मुलगा इशाय, इशायाचा दावीद राजा, आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत रूथचं नाव लिहिलं. पण मला शेवटच्या अध्यायातल्या शेजारणी जास्त महत्त्वाच्या वाटतात. बाळ नामीच्या उराशी आहे आणि या बाया तिला म्हणतात, तुझ्यावर प्रीती करणारी ही सून तुला सात मुलांपेक्षा जास्त आहे. दोन मुलगे गमावलेल्या आईला हे तोंडावर सांगायला धीर लागतो, आणि तेही एका मवाबी बाईबद्दल. बेथलेहेमात आल्यापासून नामीने स्वतः सुनेचं असं कौतुक केल्याचं कुठे लिहिलेलं नाही; ते गावातल्या बायांनी केलं.