एक लिटर पाणी, एक पूर्ण पुडी

नमस्कार, श्रोतेहो.

घरात चार वर्षांची मोठी आणि दहा महिन्यांचा धाकटा. संध्याकाळपासून मोठीला तीनदा पाण्यासारखी शी झालीय, रात्री अकराला धाकट्याचंही तेच सुरू. आईच्या कडेवर एक, बाबा दुसरीला धुऊन आणतोय, आणि ओट्यावर ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी. घाईघाईत कुणीतरी ग्लासभर पाण्यात थोडी पूड टाकतं आणि उरलेली पुडी दुमडून, रबर लावून ठेवून देतं. चूक होते ती इथेच. म्हणून आधी कानात बसू दे: एक लिटर पाणी, एक पूर्ण पुडी.

आता ही पुडी नावारूपाला कशी आली ते ऐका.

साल १९७१. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये येत होते. सीमेलगतच्या बनगावात पटकी पसरली, म्हणजे कॉलरा. कलकत्त्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस जूनमध्ये तिथल्या रुग्णालयात पोचले, तर दोन खोल्या भरून माणसं जमिनीवर पडलेली. सलाईन लावायचं तर त्या उलट्या-जुलाबातच गुडघे टेकून बसावं लागे. त्यात सलाईनच्या बाटल्याही संपत आल्या. सुई लावणारे हात मुळातच कमी.

मीठ-साखरेचं पाणी तोंडानं दिलं तर पटकीतही आतडं ते शोषून घेतं, हे तोवर संशोधकांना ठाऊक होतं. पण ते वॉर्डात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. उघड्यावरच्या गर्दीत, अडाणी नातेवाइकांच्या हाती हे काम द्यायचं? महालनबीसांनी दिलं. दुसरा इलाजच नव्हता.

कलकत्त्यात त्यांच्या पथकानं वजनं करायला घेतली. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. बस्स, तीनच जिन्नस! प्लॅस्टिकच्या पिशव्या भरायच्या, गरम इस्त्रीनं तोंडं चिकटवायची आणि बनगावला धाडायच्या. तिथे ड्रममध्ये पाणी कालवून ठेवलेलं. आई, भाऊ, शेजारी, जो कुणी रुग्णाजवळ असेल त्यानं कप भरून न्यायचा आणि पाजत राहायचं.

आधी त्या छावण्यांत पटकीच्या शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. या पथकाच्या देखरेखीखाली ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. पुन्हा सांगतो, तीसवरून साडेतीनच्या आसपास. मीठ, ग्लुकोज, सोडा आणि चिकाटीनं कप धरणारे नातेवाईक.

आणि यातला रेडिओवाल्यांचा लाडका भाग असा: हे पाणी कसं कालवायचं याची माहिती एका गुप्त बांगलादेशी रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली. कृती कानांनी ऐकायची आणि हातांनी करायची. बांगलादेशात आजही ओआरएसला ‘खाबार सॅलाइन’ म्हणतात, म्हणजे प्यायचं सलाईन. नाहीतर आपल्याकडे! बाटली टांगली नाही तर डॉक्टरांची फी वसूल झाल्यासारखी वाटत नाही. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर. असो.

हे पाणी काम का करतं, ते दोन वाक्यांत. आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आत शिरताना मिठातल्या सोडियमचा हात धरून शिरतं, आणि दोघांमागून पाणी जातं. जुलाबातही हे दार उघडंच असतं, पण जोडी प्रमाणात हवी. साखर फार झाली की ती उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच आंबा-सफरचंदाच्या चवीची गोड खोकी ओआरएस म्हणून पाजू नयेत. असल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. फार आधी व्हायला हवी होती.

आताची मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, लिटरसाठी. छोटी मिळते ती २०० मिलिलिटरची, तेव्हा पुडीवरचा आकडा आधी वाचा. मोठीतली पाव पूड काढून ग्लासात टाकली, तर त्यात मीठ पावच आलं याची खात्री नाही, कारण आत मीठ आणि ग्लुकोज सारखं मिसळलेलं असेलच असं नाही. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं, आणि ते लहान जिवाला धोक्याचं. तांब्यावर भरवसा नको. प्रत्येकाच्या घरचा तांब्या वेगळा. लिटरची बाटली घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा, अख्खी पुडी घाला, हलवा. कालवल्यावर पुन्हा उकळू नका, पाणी आटून मीठ वाढतं. वरून साखर नको, सरबत नको. एक लिटर पाणी, एक पूर्ण पुडी.

पुडी नसली तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. हल्लीच्या सेटमधले चमचे पळीएवढे असतात, त्यानं मोजलंत तर घोटाळा. चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या.

धाकट्याला, म्हणजे दोन वर्षांखालच्याला, प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मिनिट-दोन मिनिटांनी एकेक चमचा. मोठीला १०० ते २००, कपानं घोट घोट. तहानेनं ती गटागट पिते आणि भडाभडा ओकते. मग घरचे म्हणतात, पोटात ठरतच नाही! दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, पण आणखी सावकाश. हे तासभराचं बैठं काम आहे, बाबांना उत्तम जमतं. अंगावरचं दूध सुरूच ठेवा. मोठीला खिचडी, दहीभात, केळं द्या, उपाशी ठेवू नका. दोघांची वाटी-चमचे वेगळे. शी धुतल्यावर साबणानं हात, मगच धाकट्याचा चमचा.

सोबत झिंक. सहा महिन्यांवरच्याला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्याला १०. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून चौदा दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबतात आणि गोळ्याही थांबतात, तसं करू नका. चौदा म्हणजे चौदा. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे विचारा.

शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, मूल पेंगुळलंय किंवा पिऊच शकत नाही, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी सावकाश बसते, तर घरी पाजत बसू नका. दवाखाना गाठा, आणि वाटेतही चमचा चालू ठेवा. जुलाब बांधायची मोठ्यांची गोळी लहानांना कधीच नाही.

बाटलीवर चिकटपट्टी लावून कालवल्याची वेळ लिहा. रात्री अकराचं पाणी उद्या रात्री अकराला मोरीत, मग ते अर्धी बाटली का उरलेलं असेना. नमस्कार.