बारावं पुस्तक

(दृश्य: वडोदरा, दांडिया बाजारातलं जुनं घर. स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं कॅलेंडर.)

माझ्या मावशीचा सगळा संसार या कॅलेंडरवर आहे. दुधाचे खाडे, गॅसची टाकी कधी लावली, रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपल्या. मागच्या वर्षी त्यात पुस्तकांची भर पडली.

पैज मीच घातली होती. वर्षभरात बारा पुस्तकं, प्रत्येक निदान पन्नास वर्षं जुनं. एक एकोणिसाव्या शतकातलं, एक बाईनं लिहिलेलं, एक प्रवासाचं, एक मराठीबाहेरचं, एक पूर्वी अर्धवट सोडलेलं. उरलेली सात तिच्या मर्जीची. मावशी म्हणाली, "बँकेत छत्तीस वर्षं आकडे वाचले. आता अक्षरं वाचू."

(दृश्य: मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. लोखंडी मांडण्या, पायाखाली काच.)

पुस्तकं इथून येत. या कोठारातली जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. मावशी अजूनही काचेवर जपून पाय टाकते. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यात वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला अक्षरओळखही नव्हती.

जानेवारीत 'यमुनापर्यटन', १८५७ सालचं. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव जाते आणि जागोजागी विधवांचे हाल तिच्या समोर येतात. मावशीचा शेरा: "गोष्ट कमी, व्याख्यान जास्त." पण तिनं ते सोडलं नाही.

मार्चमध्ये गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून भटजी वरसईहून निघतात आणि थेट झाशीच्या वेढ्यात सापडतात. हे पुस्तक मावशीनं दोनदा वाचलं. लुटला गेलेला, जीव मुठीत धरून पळालेला हा माणूस आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परततो, तिथे ती थांबली. मला वाचून दाखवताना तिचा आवाज बसला. मग म्हणाली, "पंखा कमी कर गं, थंडी वाजते." एप्रिल सुरू होता.

(दृश्य: ओटीवरचा झोपाळा. मावशी, चष्मा, पुस्तक.)

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तिला शाळेच्या धड्यापुरतं ठाऊक होतं. धड्यात हसायचं असतं. पूर्ण पुस्तकात १८९५ येतं, नवरा ख्रिस्ती होतो, आणि पुढची पाच वर्षं ही बाई ना इकडची ना तिकडची. तीही पुढे ख्रिस्ती झाली, पण स्वतःच्या वेळेनं. त्या पानांवर मावशी आठवडाभर रेंगाळली. काय वाटलं, विचारलं तर सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

खरी खडाजंगी 'सरस्वतीचंद्र'वरून झाली. मराठीबाहेरचं पुस्तक मावशीनं अनुवादात नाही, सरळ गुजराती लिपीत वाचलं. आमच्याकडे दोन्ही लिप्या सगळ्यांनाच येतात. गोवर्धनराम त्रिपाठींनी याचे चार भाग १८८७ ते १९०१ या काळात काढले. लग्नानंतरच्या वर्षी मावशीनं दुसऱ्या भागात ही 'चोपडी' सोडली होती. त्यामुळे तिचं म्हणणं असं, की मराठीबाहेरचं आणि अर्धवट सोडलेलं असे दोन खण एकाच पुस्तकात भरले. मी म्हटलं, चालणार नाही. ती म्हणाली, "चार भाग वाचायचे आणि एकच धरायचा? मग हिशोब तूच कर."

शेवटी तडजोड झाली: मराठीबाहेरचं म्हणून हे धरायचं, अर्धवटचं दुसरं शोधायचं. ते ऑक्टोबरात उरकलं. चौथा भाग मात्र संपेना. तिथे गोष्ट बाजूला राहते आणि देश, धर्म, समाज यांवर पानंच्या पानं चर्चा चालते. डिसेंबर उजाडला तरी खूण पुस्तकाच्या मध्यावरच.

अठ्ठावीस तारखेला रात्री पुस्तक धाडकन मिटल्याचा आवाज आला. "नायिका कुमुद राहिली बाजूला, आणि लग्न तिच्या बहिणीशी, कुसुमशी!" मावशी खरोखर चिडली होती. मग उठून दारामागे गेली.

(दृश्य: कॅलेंडरवरचा डिसेंबर, जवळून.)

अठ्ठावीसच्या चौकोनात तिच्या अक्षरात लिहिलं आहे: बारावं झालं. दूध दीड लिटर.