मंत्र्यानं हातातलं काय सोडलं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मंत्र्याच्या सुधारणा कशा तपासाव्यात’. चार कसोट्या सांगायचं कबूल केलंय खरं, पण पहिलीवर माझा जीव आहे. तिथं रेंगाळणार, हे आधीच सांगून ठेवतो.

तर पहिली कसोटी. मंत्र्यानं नवीन काय सुरू केलं हे विचारूच नका. काल खात्याच्या मुठीत असलेलं आज काय सुटलं, ते विचारा. सुरू करायला काय लागतं? योजनेला नाव, एक फलक, एक फीत. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. जमिनीच्या नोंदीतल्या फेरफाराच्या नोटिशीची मुदत १५ दिवसांची होती, ती १५ दिवसांचीच आहे. (हसा, हसा. महसूलवालेही हसतायत.)

आता मूठ सुटल्याचं उदाहरण. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या. पूर्वी मे महिना आला की शिफारशींच्या चिठ्ठ्या निघायच्या, सदस्यांच्या दारात चपलांचा ढीग. ग्रामविकास विभागानं २७ फेब्रुवारी २०१७ला शासन निर्णय काढला आणि २०१८च्या उन्हाळ्यात या बदल्या संगणकानं केल्या. तेव्हा खात्याच्या मंत्री पंकजा मुंडे. पक्षाचं सोडून द्या, रचना बघा.

त्या आदेशात शाळा दोन प्रकारच्या होत्या : अवघड क्षेत्रातल्या (जिथं पोचणं-राहणं कठीण) आणि सर्वसाधारण. अवघड क्षेत्रात ३ वर्षं काढली की शिक्षक बदलीचा ‘अधिकारप्राप्त’, त्यानं मागायचं. सर्वसाधारण क्षेत्रात १० वर्षं झाली की तो ‘बदलीपात्र’, म्हणजे त्याला उठवता यायचं. या सगळ्यांच्या आधी विशेष संवर्ग. भाग एकमध्ये दिव्यांग, गंभीर आजारी, विधवा वगैरे. भाग दोनमध्ये पती-पत्नी ३० किलोमीटरपेक्षा दूर असलेले. प्रत्येकानं पसंतीच्या २० शाळा क्रमानं भरायच्या. वरच्या संवर्गातल्यानं बदलीपात्राची शाळा मागितली की बसलेल्याला खो.

बिघडलं कुठं? एक तर, ज्याला वीसपैकी एकही शाळा मिळाली नाही तो विस्थापित. मग रँडम राउंड, म्हणजे उरलेल्यातली शाळा संगणक देईल ती, आणि बाई जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दुसरं, मधली चिठ्ठी गेली तसा दाखल्याला भाव आला. काल २८ किलोमीटर असलेलं अंतर दाखल्यावर ३१ भरायला लागलं. रस्ता तोच, गाव तेच! आजारपणाच्या आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्यांवरही बोटं उठली, फेरतपासण्या लागल्या. तिसरं, कुठली शाळा अवघड हे जिल्ह्यातच ठरायचं, त्यामुळे त्या यादीवर भांडणं. लक्षात घ्या, मर्जी खात्यातून निघाली की ती नाहीशी होत नाही. जिथं कुणाचीतरी सही लागते अशा पुढच्या टेबलावर जाऊन बसते. मंत्र्याला विचारायचा प्रश्न हा की त्या टेबलाचं काय केलंत? दाखला कोण देणार, तो खोटा निघाला तर कारवाई कुणावर, हे मूळ आदेशात लिहिलंय का?

तरीही मी हिला सुधारणा म्हणतो. कारण २०१९ला सरकार बदललं, २०२१ला नवं धोरण आलं, कलमं इकडची तिकडं झाली, पण बदल्या संगणकावरच राहिल्या. पुढच्या मंत्र्याला ती मूठ परत वळता आली नाही. उद्घाटनाच्या फोटोपेक्षा मला हा पुरावा मोठा वाटतो... बरं, संयोजकांची चिठ्ठी आली. सात मिनिटं. म्हणजे तीन कसोट्या पळत पळत.

दुसरी : शासन निर्णय शेवटून वाचा. प्रस्तावनेत राज्य नेहमीच प्रगतीपथावर असतं. खाली या, ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये’ असं वाक्य, म्हणजे वित्त विभागाची संमती, आहे का, खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखाली) भागवायचा ते आहे का, नवीन पदं लागत असतील तर त्यांना मंजुरी आहे का. ‘स्वतंत्र आदेश निर्गमित करण्यात येतील’ असं दिसलं तर तो स्वतंत्र आदेश निघाला की नाही ते सहा महिन्यांनी शासनाच्या संकेतस्थळावर शोधा. तिथं प्रत्येक निर्णयाला संकेतांक असतो, सापडायला अडचण नाही.

तिसरी : बदल्यांचा २००५चा कायदा. सरकारी कर्मचाऱ्याला साधारण ३ वर्षं एका जागी, बदल्या एप्रिल-मेमध्ये. मध्येच करायची तर कलम ४(४) आणि ४(५)खाली लेखी कारण. जून ते मार्चमधले असे आदेश मोजा. सुधारणा राबवणारा अधिकारी सात महिन्यांत उचलला असेल तर भाषण ऐकायचं कारण नाही. त्याच कायद्याचं कलम १० म्हणतं, फाइल एका टेबलावर कामाचे ७ दिवस, त्याहून जास्त नाही. मंत्र्याच्या खात्यात ते कोण पाळतं, माहितीच्या अधिकारात १० रुपयांत विचारता येतं.

चौथी, लोकसेवा हक्क कायदा, २०१५. अधिसूचित म्हणजे सरकारनं यादीत जाहीर केलेल्या सेवेला मुदत, खात्यातच दोन अपिलं, तिसरं सेवा हक्क आयोगाकडे, कसूर केली तर ५०० ते ५,००० रुपये दंड. ‘९५ टक्के अर्ज मुदतीत’ असं कुणी सांगितलं तर त्रुटी काढून परत पाठवलेले किती, हे विचारा. अर्ज परत गेला की घड्याळ शून्यावर येतं. खिडकीवर पोचच दिली नाही तर ते सुरूच होत नाही. दंड प्रत्यक्ष किती जणांच्या पगारातून कापला, हा आकडा मागा. बहुतेक वेळा उत्तर तिथंच अडखळतं.

आणि जाता जाता एक. अर्थसंकल्पातली घोषणा वाचून थांबू नका. तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च या तीन रकान्यांत फरक पडतो, आणि प्रत्यक्ष खर्चाचा रकाना दोन वर्षांनी छापला जातो. २०२३-२४चा खर्च २०२५-२६च्या पुस्तकात. तोवर मंत्री दुसऱ्या खात्यात गेलेले असू शकतात. म्हणून आजच लेखाशीर्ष लिहून ठेवा. नावानं शोधायला गेलात तर योजनेचं नाव तोवर बदललेलं असेल.