संस्थेच्या टेबलाशी कोण बसतं?

नमस्कार मंडळी. आज विशेष मुलांच्या शाळांबद्दल बोलायचंय, पण मुलांबद्दल नाही, त्या शाळा, त्या संस्था जी माणसं चालवतात ना त्यांच्याबद्दल. मी स्वतः एका छोट्या संस्थेत ट्रस्टी आहे, सहा वर्षं झाली, आणि त्याआधी तिथल्याच एका मुलाची आई. आधी आई, मग ट्रस्टी. आमच्याकडे हा क्रम जवळपास सगळीकडे असाच सापडतो बघा.

१९४४ सालचं घ्या. मुंबईत होरमसजी आणि जेरबानू वकील हे पारशी जोडपं, त्यांच्या मुलीला, दीनाला, डाउन सिंड्रोम होता. तिला घालावी अशी शाळाच नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या घरातच शाळा सुरू केली. तीच आजची शिवडीची जय वकील. तिथे तयार झालेला 'दिशा' अभ्यासक्रम आज राज्यातल्या शेकडो विशेष शाळांत चालतो, आमच्याकडेही तोच आहे, आणि दर जूनमध्ये नवीन पुस्तकं आली की मला त्या घरातल्या पहिल्या वर्गाची आठवण होते, कोणी बघितलाय तो, पण होते.

मग १९७२. मिठू अलूर. त्यांची मुलगी मालिनी १९६६ ची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं, आणि हिचं काही होणार नाही असंच डॉक्टरांनी सांगितलेलं. ही बाई इंग्लंडला गेली, विशेष शिक्षण शिकून आली, आणि कुलाब्यात थोड्याशा मुलांना घेऊन केंद्र उघडलं. नर्गिस दत्त पहिल्या आश्रयदात्या. त्याचीच पुढे स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया झाली, आता तिचं नाव अडॅप्ट. चेन्नईत विद्यासागर संस्था काढली पूनम नटराजन यांनी, त्याही आईच, आणि पुढे त्या केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे अशा अपंग व्यक्तींसाठीच्या सरकारी संस्थेच्या, अध्यक्ष झाल्या. घरातलं दुखणं थेट दिल्लीच्या कायद्याच्या टेबलापर्यंत नेलं या बायकांनी, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

पण लोकांना वाटतं संस्था चालवणं म्हणजे गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसणं, शाल, नारळ, फोटो. अहो, खरं काम म्हणजे कागद. धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यायचे, एक ट्रस्टी बदलला की नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, ऑडिट, देणगीदारांना करात सूट मिळावी म्हणून ऐंशी-जी, आणि हे सगळं सांभाळून पैसे गोळा करायचे. कंपनी कायद्यामुळे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात, त्याचा उपयोग झाला, खूप झाला, पण आमचा अनुभव सांगते, बस मिळते, कंप्युटर मिळतात, ज्याच्यावर कंपनीचं नाव लावता येतं ते सगळं मिळतं, आणि शिक्षिकेचा पगार मागितला की समोरचा माणूस फाइल मिटतो. आता आमच्या मुलांना बस शिकवते का? शिकवते ती बाई, जिने विशेष शिक्षणाचा डीएड केलाय, विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या पुनर्वास परिषदेकडे रीतसर नोंदणी केलीय, जी एका मुलाला शर्टाचं बटण लावायला आठ महिने शिकवते, रोज, न चिडता. ती जर पगार कमी म्हणून दुसरीकडे गेली ना तर ते मूल पुन्हा पहिल्या बटणावर येतं. म्हणून कुठल्या संस्थेचं नेतृत्व कसंय हे बघायचं असेल तर मी इमारत बघत नाही, शिक्षिका किती वर्षं टिकल्यात ते विचारते.

आमच्याकडे एका वर्षी अनुदान सात महिने अडकलं. तेव्हा आमच्या संस्थापक ताईंनी स्वतःची एफडी मोडली आणि सगळ्यांचे पगार केले, कोणाला कळूही दिलं नाही, आम्हाला नंतर हिशोब लावताना समजलं. ताईंचं वय तेव्हा एकाहत्तर. त्या रात्री मला झोप नाही आली. कृतज्ञता होतीच, पण भीतीसुद्धा वाटली, की सगळा डोलारा एका माणसाच्या जिवावर उभा आहे आणि ताई थकल्या की काय?

आमच्यासारख्या आईबापांना एक प्रश्न कायम असतो, आपल्या पश्चात याचं कसं होणार. त्यासाठी निदान १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, मूल अठराचं झालं की कायदेशीर पालक नेमता येतो, आम्ही केलंय ते. पण संस्थेच्या पश्चात काय, याचा अर्ज कुठे मिळत नाही, ते आपणच ठरवायचं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते बोललंच जात नाही कारण ताईंसमोर ताईंच्या नंतरचं कसं बोलायचं. आम्ही बोललो. रडारडी झाली, पण बोललो. मंडळावर दोन तरुण पालक घेतले, एक शिक्षिका घेतली.

आणि मग मालिनी चिबची आठवण झाली. हो, तीच मालिनी. झेवियर्समधून बीए, लंडनमधून दोन मास्टर्स, एका बोटाने टाइप करत, आणि पुढे अडॅप्टच्या हक्क गटाची ती सहअध्यक्ष झाली. म्हणजे जिच्यासाठी संस्था निघाली ती स्वतः टेबलाशी येऊन बसली. आमच्या अहवालात आमची मुलं अजून 'लाभार्थी' होती. २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आला, सातच्या जागी एकवीस प्रकारची अपंगत्वं त्यात आली, हक्क शब्द आला, आणि आम्ही मात्र नऊ धडधाकट माणसं बसून ठरवणार की त्यांना काय हवंय.

तर आम्ही ठरवलं की आमचा एक माजी विद्यार्थी, आता सत्तावीस वर्षांचा आहे, आमच्याच वर्कशॉपमध्ये कागदी पिशव्या करतो, त्याला निमंत्रित सदस्य म्हणून बैठकीला घ्यायचं. बौद्धिक अक्षमता आहे त्याला. कोणी म्हणालं त्याला काय कळणार, तर शिक्षिका म्हणाल्या, विषयपत्रिका त्याला कळेल अशी लिहिणं हे आपलं काम आहे. आणि त्यांनी खरंच बसून तयार केली, मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच गोष्ट, बसच्या रूटच्या विषयापुढे बसचं चित्र, जेवणाच्या विषयापुढे ताटाचं चित्र, पैशांच्या विषयापुढे नोटा. खरं सांगते, आम्हालाही ती वाचायला सोपी गेली.

ती त्याला घरी नेऊन दिली, वाच, काही सांगायचं असेल तर सांग. दोन दिवसांनी कागद परत आला. खाली जागा होती तिथे त्याने पेन्सिलीने स्वतः एक चित्र काढलं होतं, तीन पाती आणि मधे गोल. पंखा. वर्कशॉपमधला पंखा दोन महिने बंद आहे, मे महिना, पत्र्याचं छत, आणि आम्हा नऊ जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

बैठक येत्या शनिवारी आहे. पंख्याचा विषय एक नंबरला घेतलाय.