पहिल्या नंबरचं पोर

(लघु-माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : मॉन्ट्रियल, जानेवारी. बागेतलं बर्फाचं मैदान. स्केटचं पातं अगदी जवळून.]

हे पातं जेमतेम 3 मिलीमीटर जाड आहे. खालून मात्र ते सपाट नाही. मधोमध लांबलचक पन्हळ कोरलेली आहे, म्हणून एकाच पात्याला दोन धारा मिळतात, एक आतली आणि एक बाहेरची. वळताना कुठल्या धारेवर किती भार टाकायचा, हे कळलं की निम्मं आइस हॉकी कळलं.

हा मुलगा असेल दहा-अकरा वर्षांचा. मघापासून त्याचं एकच चाललंय. डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर अर्धवर्तुळ काढायचं. पडतो, पार्श्वभाग झटकतो, पुन्हा निघतो. कडेला उभे असलेले प्रशिक्षक हाताची घडी सोडत नाहीत. त्यांना घाई नाही.

[दृश्य : मुलाची पाठ. शर्टवर 20.]

20 नंबरचे शर्ट आता या शहरात गल्लोगल्ली दिसतात. 2022 च्या उन्हाळ्यात हा नंबर ज्याच्या पाठीवर चढला, तो तेव्हा 18 वर्षांचा होता. स्लोव्हाकियातल्या कोशित्से गावचा, सव्वासहा फुटांचा युराय स्लाफकोव्स्की.

[दृश्य : बेल सेंटर, इथल्या आइस हॉकी संघाचं मैदान, बाहेरून. माणसांची रीघ, निळे-पांढरे-लाल मफलर.]

इथल्या संघाने त्याला घेतलं ते ड्राफ्टमधून. ड्राफ्ट म्हणजे काय, हे आपल्याकडे आयपीएलच्या लिलावावरून चटकन समजेल. फक्त इथे बोली लागत नाही, पाळी लागते. जगभरातली अठराच्या आसपासची पोरं, आणि एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या आइस हॉकी लीगचे, 32 संघ. एकेकाने यायचं, नाव घ्यायचं. आधीच्या मोसमात जे तळाला होते त्यांच्यात सोडत निघते आणि सगळ्यात शेवटच्याला पहिली पाळी मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

2021-22 मध्ये शेवटचा कोण होता? मॉन्ट्रियल कॅनेडियन्स. ज्यांच्या खात्यात 24 स्टॅनली कप, म्हणजे विजेतेपदाचे करंडक, आहेत, जे आदल्याच वर्षी अंतिम फेरीत खेळले होते, ते 55 गुणांवर गडगडले. त्यात शेवटचा कप 1993 चा. म्हणजे तेव्हा जन्मलेलं बाळ एव्हाना तिशीला आलेलं. अशा शहराला पहिला नंबर मिळाला, आणि ड्राफ्टचा सोहळाही नेमका याच इमारतीत, 7 जुलैला.

गर्दीच्या मनात नाव पक्कं होतं : शेन राइट. कॅनडाचाच, मध्यावर खेळणारा, कनिष्ठ लीगमध्ये पंधराव्या वर्षी खास परवानगीने दाखल झालेला. संघाचे जनरल मॅनेजर केंट ह्यूज मंचावर आले आणि त्यांनी स्लाफकोव्स्कीचं नाव वाचलं. टाळ्या नंतर आल्या, आधी नुसता श्वास अडकल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्या नंबरवर न्यू जर्सीने सिमोन नेमेत्सला घेतलं, म्हणजे पुन्हा एक स्लोव्हाक. राइट घसरत चौथ्यावर, सिॲटलकडे.

त्या रात्रीची चित्रफीत आम्ही दाखवू शकत नाही. तिचे हक्क घ्यायचे तर हा माहितीपट विकावा लागेल. त्याऐवजी हे पाहा.

[दृश्य : संघाच्या जुन्या दिग्गजांचे ब्राँझचे पुतळे. मोरेंझ, रिशार, बेलिव्हो, लाफ्लर. शेवटच्यावर कॅमेरा थांबतो.]

गी लाफ्लर. 1971 च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर. क्विबेक शहराच्या कनिष्ठ संघाकडून आदल्या मोसमात त्याने 130 गोल केले होते. आकडा ऐकण्यात चूक नाही, 130. त्याच उन्हाळ्यात ज्याँ बेलिव्हो निवृत्त झाले आणि आता हा पोरगा बेलिव्होंची जागा भरणार, असं शहराने परस्पर ठरवून टाकलं. त्याला कुणी विचारलं नाही.

पहिल्या मोसमात 29 गोल. दुसऱ्यात 28. तिसऱ्यात 21. उतरती भाजणी. शिवाय त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर डेट्रॉइटने उचललेला मार्सेल डिऑन पहिल्याच वर्षी लाफ्लरच्या पुढे गेलेला. लोक कुजबुजायला लागले, मग मोठ्याने बोलायला लागले.

चौथ्या मोसमात त्याने हेल्मेट काढून ठेवलं आणि 53 गोल केले. तो मोसम धरून ओळीने सहा मोसम पन्नाशीच्या खाली आलाच नाही. केस भुरभुर उडवत उजव्या बगलेतून सुसाट निघणारा तो लाफ्लर, ज्याचा हा पुतळा आहे, तो चौथ्या वर्षापासूनचा. आधीच्या तीन वर्षांचा पुतळा कोण उभारतो?

[दृश्य : सेंट कॅथरीन रस्ता, अ‍ॅटवॉटरचा चौक. जुन्या फोरमची इमारत. आत सिनेमागृह, सरकते जिने.]

हा जुना फोरम. 1996 पर्यंत कॅनेडियन्स इथेच खेळायचे. आता पॉपकॉर्नचा वास येतो. 1980 मध्ये ड्राफ्ट पहिल्यांदाच प्रेक्षकांसमोर, खुल्या मैदानात झाला, तो याच छपराखाली. त्याही वर्षी पहिली पाळी मॉन्ट्रियलचीच होती.

गर्दीला हवा होता डेनी सावार. इथलाच, व्हर्डनच्या गल्ल्यांत वाढलेला, फ्रेंच बोलणारा, गिरकी घेऊन समोरच्याला चकवणारा. संघाने निवडला रेजायनाचा डग विकनहायझर. तसं पाहिलं तर निवड वेडगळ अजिबात नव्हती. त्याने त्या मोसमात कनिष्ठ लीगमध्ये 89 गोल आणि 170 गुण काढले होते. खेळाडूला गोल केल्याचा एक गुण, करून दिल्याचाही एक. अनेक जाणकारांच्या यादीत तोच वर होता. सावार तिसऱ्या नंबरवर शिकागोला गेला.

आणि पहिल्या मोसमात? सावार 75 गुण. विकनहायझर 15. ही तुलना सगळे देतात, पुढचा आकडा कुणी देत नाही. संघाने विकनहायझरला 80 पैकी 41 सामन्यांतच उतरवलं. एकोणीस वर्षांचा मुलगा, निम्मा मोसम कोट-टाय घालून वर बसलेला, आणि खाली बर्फावर उतरला की कानावर दुसऱ्याच मुलाचं नाव. तिसऱ्या मोसमात त्याने 25 गोल, 55 गुण केले. दुसऱ्या कुठल्याही शहरात हे चाललं असतं. इथे हिशोब सावारशी होता, त्यामुळे प्रेक्षकांच्या लेखी भरवशाच्या म्हशीला टोणगा.

1983 च्या डिसेंबरात त्याला सेंट लुईस ब्लूजकडे देऊन टाकलं. 1999 मध्ये, 37 व्या वर्षी, कर्करोगाने तो गेला.

[दृश्य : फोरममध्ये बाकावर बसलेला रिशारचा पुतळा. शेजारी पर्यटक फोटो काढताहेत.]

विकनहायझरची जन्मतारीख 30 मार्च. स्लाफकोव्स्कीचीही 30 मार्च. मध्ये 43 वर्षं. योगायोगच, पण मॉन्ट्रियलच्या जुन्या चाहत्यांना असले योगायोग फार आवडतात, आणि मुलांच्या पोटात गोळा आणायला तेवढं पुरतं.

[दृश्य : ब्रोसार, संघाचं सरावकेंद्र, बाहेरून. मग उपनगरातल्या एका साध्या रिंकवर कनिष्ठ मुलांचा सराव. मैदानाभोवतीच्या फळ्यांवर आपटणारा पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती. कॅमेरा बर्फाच्या पातळीवर.]

आता खरं काम बघू. हा भाग आम्ही लांबवला आहे, कारण टीव्हीवर तो कधीच दिसत नाही.

एनएचएलचं मैदान साधारण 61 मीटर लांब, 26 मीटर रुंद. युरोपात वाढलेल्या मुलांना 28 ते 30 मीटर रुंदीची सवय असते. दोन्ही बाजूंनी मिळून दोन ते चार मीटर कमी झाले, यात काय एवढं, असं वाटेल. हा मुलगा बघा. पक घेऊन फळीकडे येतोय. रुंद मैदानावर त्याला मान वर करून बघायला एक क्षण मिळाला असता. इथे तो क्षण नाही. तेवढ्यात मागचा येऊन आदळतो.

[आवाज : फळीवर धडक. निवेदन थांबतं. 4 सेकंद.]

म्हणून शिकवतात ते हे : पक हाती येण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कोण येतंय, कुठून, किती वेगात. मग पाठ द्यायची, गुडघा वाकवायचा, पक अंगाच्या पलीकडे धरायचा. सहा औंसांचा रबराचा तुकडा, सामन्याआधी गोठवून ठेवतात म्हणजे उड्या मारत नाही. तो अंगाने झाकायचा, फळीवरून सोडवायचा आणि बाहेर काढायचा. एका खेपेला बर्फावर पाऊण मिनिट मिळतं, की लगेच बाक. त्या पाऊण मिनिटात हे सगळं न आठवता व्हायला हवं. आठवावं लागलं की उशीर झालाच.

स्लाफकोव्स्कीला नेमकं हेच येत नव्हतं. मान खाली घालून पकमागे जातो आणि धडका खातो, ही तक्रार पहिल्या मोसमात सर्रास होती, आणि ती खोटी नव्हती. अंगाने थोराड असलेल्या मुलांचं असं होतंच. बरोबरीच्यांत खेळताना त्यांना कुणी हलवू शकत नाही, त्यामुळे मागे बघायची गरजच पडलेली नसते.

मग लोकांनी त्याच्यात बघितलं काय होतं? बीजिंग. फेब्रुवारी 2022 च्या ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी त्याने 7 गोल मारले, स्लोव्हाकियाला हॉकीतलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं, ब्राँझ, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच. मुलाचे पाय पाळण्यात दिसले, असं वाटणं साहजिक आहे. फक्त त्या ऑलिंपिकला एनएचएलचे खेळाडू आलेच नव्हते, हे टाळ्यांच्या कडकडाटात विसरायला झालं. पी हळद अन् हो गोरी.

[दृश्य : सरावात तेच वळण पुन्हा पुन्हा. प्रशिक्षक काठीने बर्फावर रेघ ओढून दाखवतात.]

अठराव्या वर्षी निवडलेल्या मुलाचं करायचं काय, याचे रस्ते तीन. थेट एनएचएलमध्ये ठेवा. खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे इथे लावालच्या संघात पाठवा. किंवा जिथून आणलं तिथे परत. कॅनडाच्या कनिष्ठ लीगमधून आलेल्या मुलांना लीगांमधल्या तेव्हाच्या करारानुसार मधला रस्ता विशीपर्यंत जवळजवळ बंद असायचा. राइटची कोंडी तीच झाली. युरोपातून आलेल्या स्लाफकोव्स्कीला तो खुला होता, त्यामुळे ‘लावालला पाठवा’ ही ओरड 2022 च्या शरदात सुरू झाली ती 2023 संपेपर्यंत थांबली नाही.

संघाने पाठवला नाही. पहिल्या मोसमात 39 सामने, 4 गोल, 10 गुण. जानेवारी 2023 मध्ये दुखापत झाली आणि मोसम तिथेच आटोपला.

त्याला जवळ ठेवून घेणारे प्रशिक्षक कोण, हेही सांगायला हवं. मार्टिन सेंट लुई. पाच फूट आठ इंच. त्यांना तर कुठल्याच ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं नव्हतं. कॅल्गरीने सोडून दिलं, टॅम्पा बेने उचललं आणि 2004 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि स्टॅनली कप, दोन्ही त्यांच्या पदरात. ज्याच्याकडून कुणी कशाचीच अपेक्षा केली नाही, त्याच्या हाती अख्ख्या शहराच्या अपेक्षांचं ओझं असलेला मुलगा आला. सेंट लुई घोटवून घेतलेल्या चालींपेक्षा समज वाढवण्यावर भर देतात : जागा कुठे आहे, ती का आहे, दोन पावलांनी ती कुठे सरकेल. हे शिकवायला वेळ लागतो, आणि शिकत असताना मुलगा आधीपेक्षा वाईट खेळतोय असं दिसतं. आमच्या मते संघाने या काळात केलेलं सगळ्यात धाडसाचं काम म्हणजे हे दिसू दिलं.

[दृश्य : संध्याकाळ. मेट्रोतून बाहेर पडणारे चाहते. 14, 13, 20 नंबरचे शर्ट.]

डिसेंबर 2023 च्या सुमारास स्लाफकोव्स्कीला संघाचे आघाडीचे खेळाडू निक सुझुकी आणि कोल कॉफिल्ड यांच्या जोडीला खेळवलं. तोवर त्या मोसमातले गोल बोटांवर मोजण्याइतके होते. मोसम संपला तेव्हा 82 पैकी 82 सामने, 20 गोल, 50 गुण. 9 एप्रिलला फिलाडेल्फियाविरुद्ध पहिली हॅट्‌ट्रिक. 1 जुलै 2024 ला आठ वर्षांचा करार, 6 कोटी 8 लाख डॉलर. ज्या तोंडांनी लावाल म्हटलं होतं, त्यांनीच 20 नंबरचे शर्ट घेतले.

पुढच्या मोसमात 51 गुण. झालं, लगेच सूर निघाला : फक्त एकच वाढला?

राइटचंही सांगून टाकू. तो सिॲटल, जागतिक कनिष्ठ स्पर्धा, परत कनिष्ठ लीग, मग खालची व्यावसायिक लीग असा फिरून आला आणि 2024-25 मध्ये 44 गुणांवर पोहोचला. म्हणजे दोन वेगळ्या रस्त्यांनी दोघं साधारण एकाच वेशीवर. 2022 च्या जुलैत या दोन नावांवरून शहरात जी भांडणं झाली, ती आता कुणी उकरून काढत नाही.

[दृश्य : बेल सेंटरबाहेर, एप्रिल 2025. रस्त्यावर नाचणारी पोरं. एका पुठ्ठ्यावर हाताने रंगवलेलं नाव : देमिदोव्ह.]

कारण आता दुसरं नाव आहे. इव्हान देमिदोव्ह, 2024 च्या ड्राफ्टमधला पाचवा, रशियातून आलेला. 14 एप्रिल 2025 ला तो शिकागोविरुद्ध पहिला सामना खेळला आणि पहिल्याच सत्रात एक गोल केला, एक करून दिला. वय 19. आम्ही दाराबाहेर उभे होतो. आतला गजर रस्त्यापर्यंत येत होता. बाहेर एक गृहस्थ आपल्या मुलाला समजावत होते की पुढच्या वर्षी याचे शंभर गुण नक्की.

[पडदा काळा. नामावली.]