राजाला हुतात्मा ठरवलं कुणी?

नमस्कार मंडळी. ३० जानेवारी म्हटलं की आपल्याला गांधीजी आठवतात. इंग्लंडमधल्या काही चर्चमध्ये मात्र त्या दिवशी एका राजाचं स्मरण होतं. पहिला चार्ल्स. १६४९ साली याच तारखेला लंडनमध्ये, व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउससमोर, लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचा शिरच्छेद झाला.

आरोप काय होता? स्वतःच्याच प्रजेवर युद्ध लादलं, हा. मग हा माणूस धर्मासाठी मेला, असं कसं म्हणायचं?

त्याला मानणारे राजा आणि संसद यांच्यातल्या न्यूपोर्टच्या वाटाघाटींकडे बोट दाखवतात. १६४८ मध्ये संसद म्हणत होती, चर्चमधली बिशपांची व्यवस्था कायमची मोडा. चार्ल्स तीन वर्षांपुरती प्रेस्बिटेरियन पद्धत, म्हणजे बिशपांऐवजी वडीलजनांच्या मंडळांनी चर्च चालवायची पद्धत, चालवून घ्यायला तयार झाला, कायमची नाही. बिशपांवर पाणी सोडलं असतं तर जीव वाचला असता, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटत नाही. कारण पुढे काय झालं बघा. राजाच्या उत्तरांवर बोलणी पुढे न्यायला संसदेने ५ डिसेंबरला होकार दिला. दुसऱ्याच दिवशी संसदेच्याच सैन्याने दारात उभं राहून बोलणी हवी असलेले खासदार गाळले. बिशप नकोत म्हणून हटून बसलेले कितीतरी प्रेस्बिटेरियन त्यातच बाहेर गेले. उरलेल्यांनी खटला उभा केला. त्यांना बिशपांवरून सौदा करायचाच नव्हता!

पण लोकांच्या मनात वेगळंच चित्र ठसलं. त्या सकाळी बिशप जक्सन यांनी राजाला मत्तयच्या शुभवर्तमानाचा २७वा अध्याय वाचून दाखवला, येशूच्या वधस्तंभाचा. राजाने विचारलं, हा तुम्ही मुद्दाम निवडलात का? ते म्हणाले, नाही, आजच्या दिवसाचा नेमलेला पाठच हा आहे. भाविकाला आणखी काय हवं?

१६६० मध्ये मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर आला. ज्याला लग्नात मुंबई आंदण मिळाली, तोच हा. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाला ३० जानेवारीची उपासना जोडली गेली. त्या दिवशी उपवास. वाचन कोणतं, तर मालकाच्या मुलाला ठार करणाऱ्या द्राक्षमळ्याच्या कुळांचा दृष्टांत. शिवाय प्रार्थना अशी की, या निर्दोष रक्ताचा दोष आमच्यावर आणि आमच्या वंशजांवर येऊ देऊ नको. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांनीही दरवर्षी ही क्षमा मागायची. ज्यांचे आजे-पणजे संसदेच्या बाजूने लढले, त्यांना त्या दिवसाची प्रवचनं कशी बोचत असतील!

१८५९ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हुकमाने ही उपासना गाळली गेली. चार्ल्सच्या भक्तांना ते सहन झालं नाही. १८९४ मध्ये त्यांनी त्याच्या नावाने संस्था काढली, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या आजच्या दिनदर्शिकेत हे नाव पुन्हा आहे: चार्ल्स, राजा आणि हुतात्मा.

आता सक्तीचा उपवास नाही, वंशजांचा दोषही नाही. ज्याला प्रार्थना करायची त्याने जरूर करावी. पण ‘हुतात्मा’ म्हणताना ६ डिसेंबरला संसदेच्या दारात काय घडलं, तेही सांगा.