आरशासमोरची नीना

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातली एक माडी. संध्याकाळची वेळ. लाकडी ठोकळ्यावर काठी आपटते आहे आणि 'तैया तै'च्या बोलांवर दहा-बारा वर्षांची एक मुलगी भरतनाट्यमच्या अडवूचा, म्हणजे मूलभूत पदन्यासांचा सराव करते आहे. या खोलीत आरसा नाही. अरमंडीत, म्हणजे अर्ध्या बैठकीत, बसताना आपले गुडघे पुरेसे बाहेर वळले आहेत की नाहीत, हे तिला दिसत नाही. ते समोर बसलेल्या ताईंना दिसते. त्या काठी थांबवतात आणि 'पुन्हा' म्हणतात. अशा आठ-दहा 'पुन्हा'नंतर कधीतरी त्याच ताई म्हणतात, 'पुरे, आता पाणी पी.'

२०१० साली आलेल्या डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्की दिग्दर्शित 'ब्लॅक स्वान' या चित्रपटातल्या नीनाला हे 'पुरे' वेळेवर कोणीच म्हणत नाही. नताली पोर्टमनने साकारलेली ही न्यूयॉर्कमधली बॅले नर्तिका 'स्वान लेक'मध्ये श्वेत हंसिनी आणि तिची कृष्ण प्रतिमा अशा दोन्ही भूमिका करणार असते. चायकोव्हस्कीच्या संगीतावरचे हे बॅले १८७७ मध्ये मॉस्कोत प्रथम झाले, पण त्याला आजचे रूप आले ते १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गमधल्या प्रयोगाने. त्याच प्रयोगात पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या आणि तेव्हापासून प्रेक्षक ३२ मोजायला शिकले. श्वेत हंसिनी नीनाला बिनचूक जमते. कृष्ण हंसिनीला मात्र बिनचूकपणा पुरत नाही, तिथे स्वतःला सैल सोडावे लागते, आणि नेमके तेवढेच या मुलीला कोणी शिकवलेले नाही.

चित्रपटातले सर्वांत खरे दृश्य आमच्या मते भीतीचे नाही, बुटांचे आहे. नीना कोरे बॅलेचे बूट घेते, त्यांचा ताठपणा मोडते, तळ खरवडते, फिती शिवते. घुंगरांच्या दोरीने घोट्यावर वळ उमटलेल्या कुठल्याही मुलीला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. पाठीवरचे ओरखडे, स्वतःच्याच मर्जीने हलणारे प्रतिबिंब, कातडीतून उगवणारी पिसे हे सगळे त्यानंतर येते. पण त्याची सुरुवात या साध्या सरावातच झालेली असते. छायाचित्रकार मॅथ्यू लिबाटीक यांनी बहुतांश चित्रीकरण सुपर १६ मिलिमीटर फिल्मवर केले. कॅमेरा हातात धरून ते नीनाच्या मानेमागून इतके जवळून चालतात, की आरशांनी भरलेल्या खोलीतही तिच्याखेरीज दुसरे कोणी आहे असे वाटत नाही.

वडोदऱ्यात भरतनाट्यम आले ते माणसांबरोबर. १८८० साली तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजे पुढच्या चिमणाबाई, सयाजीराव महाराजांशी विवाह होऊन इथे आल्या, तेव्हा नर्तकी आणि वादकांचा ताफाही सोबत आला. हुंड्यात नाच येणे आज कानाला खटकते. पण त्या ताफ्यातल्या नर्तकी कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे याच शहरात विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि चूक दाखवणारे माणूस समोर बसलेले असण्याची ती पद्धत या माड्यांवर टिकली. ते माणूस नेहमीच दयाळू असते असे नाही. नीनाच्या बॅलेच्या दिग्दर्शकासारखे गुरू इथेही असू शकतात. तरीही माणूस थकते. आरसा थकत नाही.

पोर्टमनला या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले आणि लगेच पडद्यावर नाचले कोण हा वाद सुरू झाला. अ‍ॅरोनॉफ्स्की यांनी हिशेब दिला: नृत्याचे १३९ शॉट, त्यांतले १११ पोर्टमनचे आणि २८ त्यांच्या जागी नाचलेल्या सारा लेन यांचे. म्हणजे पडद्यावरचा तो परिपूर्ण देह दोघींचा आहे.

शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी आई नीनाला घरात अडवते. तोवर फार उशीर झालेला असतो. नीना रंगमंचावर जाते, दोन्ही हंसिनी नाचते आणि नेपथ्यातल्या कड्यावरून गादीवर स्वतःला झोकून देते. पांढऱ्या पोशाखावर रक्ताचा डाग पसरत असताना ती समाधानाने पुटपुटते, की सगळे परिपूर्ण झाले. पडदा पांढराशुभ्र होत जातो आणि टाळ्या सुरूच राहतात.